चहावरची साय

कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चहा जरा तसाच राहिला आणि त्यावर साय धरली, की मला निघोज्याची ती टपरी दिसते.

मी, महेश आणि भानुदासकाका रविवारी सकाळी थेरगावातून सायकलने तिथवर जायचो. चहा समोर आला तरी शेवटचा माणूस पोचेपर्यंत कपाला हात लावायचा नाही, हा आमचा रिवाज. शेवटी नेहमी काकाच असायचे.

त्या सकाळी ते आले तेव्हा चहा पार निवला होता. उकळत्या आल्याचा वास येत होता, आणि रस्त्यावरून कंटेनर गेला की बाकडं थरथरायचं.

"काका, जरा पायडल मारा की," महेश म्हणाला. "दर वेळी गार चहा पाजता."

"मागं कुणीतरी पायजे," काका बोटाने साय बाजूला करत म्हणाले. "गाडी आली की मी हाळी देतो, तवा तुमी कडंला होता."

"आणि गाडी तुमच्यावरच आली तर?"

"तरी हाळी दिल्याबिगर न्हाई जायचो."

आम्ही हसलो. काकाही हसले.

पुढच्याच रविवारी मागून त्यांची हाळी आली. आम्ही दोघं सवयीने कडेला झालो. वळून पाहिलं, तर त्यांची सायकल कंटेनरखाली होती.

आता रस्ता रुंद झालाय. माझी सायकल जिन्याखाली गंजत पडलीय. महेश भेटला तरी आम्ही हवापाण्याचंच बोलतो. चहा समोर आला की माझा हात मात्र अजून थांबतो. साय धरते, चहा गार होतो, आणि मागून यायचं कोणीच राहिलेलं नसतं.