फाट्यावरची तीन मिनिटं

पहिल्याच दिवशी बद्रीनाथ मुनीमांनी सिद्धारामच्या नावाची फाईल काढली. बीडच्या बायपासवरचं ते ट्रान्सपोर्टचं ऑफिस म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. आत दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि भिंतीला लागून ड्रायव्हरांच्या फायलींचं कपाट. मुनीमांनी फाईल उघडून त्याला एक कोरं पान दाखवलं.

"सा महिने हे पान असंच कोरं ठिव," ते म्हणाले. "सातव्या महिन्यात तू पक्का. शेठच्या सहीचं पत्र मिळंल. पर शेरे पडत गेले तर मग शेठ विचार करतेत. आन ही फाईल हितंच ऱ्हाती असं समजू नकू. दुसरीकडं कामाला गेलास की त्यांचा फोन मलाच येतो."

सिद्धारामनं मान डोलावली. त्याला ते पत्र हवं होतं, आणि पगारापेक्षाही जास्त हवं होतं. ते नेऊन त्याला वडिलांच्या गल्ल्यावर ठेवायचं होतं.

वडील शंकरप्पा, वडवणीचे जुने किराणा दुकानदार. घरात तीन पिढ्या तराजू चाललेला. थोरला योगीराज दुकानात बसला आणि दुकान एकाच संसाराला पुरेल एवढं, हे सगळ्यांना दिसत होतं, फक्त शंकरप्पांना ते ऐकायचं नव्हतं. धाकट्या सिद्धारामनं चार हंगाम कडा गावाकडं उसाचा ट्रॅक्टर चालवला तेव्हा ते गप्प राहिले, पोरगं हौस फिटली की येईल परत म्हणून. पण त्यानं जड वाहनाचा परवाना काढला आणि बीडला ट्रकवर जातो म्हणाला, तेव्हा मात्र ते म्हणाले, "आपल्यात गिऱ्हाईक दारात येतंय. तू दुसऱ्याच्या दारात माल घिऊन उबा ऱ्हानार." त्यानंतर ते त्याच्याशी बोलायचे थांबले. तो आठवड्यातून एकदा घरी जायचा, आई गंगासागर वाढायची, आणि बाप समोर पेपर धरून बसायचा. सहा महिने तोच पेपर, म्हटलं तरी चालेल.

पहिला शेरा उमापूरच्या जिनिंगवर पडला. कापसाच्या गाठी भरायला गाडी मागं घेताना फाटकाच्या खांबाला मडगार्ड घासलं. वीतभर रंग गेला. बघायला कुणी नव्हतं. सिद्धारामनं संध्याकाळी ऑफिसात येऊन स्वतः सांगितलं आणि मुनीमांनी लिहून घेतलं.

"कावून सांगितलंस बे?" बंकट त्याला बाहेर म्हणाला. बंकट तिथला सगळ्यात जुना ड्रायव्हर, आणि त्याचं पान आरशासारखं स्वच्छ. "गाडीला आधीच धा ठिकानी मार हाय. त्यातला तुजा कंचा, हे कुनाला कळनार व्हतं?"

दुसरा शेरा सोलापूरच्या गिरणीवरचा. माल उतरवल्यावर पोचपावतीवर सही घेतली, शिक्का घ्यायचा राहिला. शिक्केवाला जेवायला गेला होता, मागं गाड्यांची रांग लागलेली, वॉचमन ओरडत होता. तो निघून आला. त्या एका शिक्क्यापायी गिरणीनं ते बिल अडवून ठेवलं. तिसरा शेरा डिझेलचा. उसाच्या ट्रॅक्टरची सवय, त्यामुळं तो चढाला गरज नसताना गियर खाली टाकायचा. गाडी इतरांपेक्षा किंचित जास्त प्यायची.

आता यातला एकही गुन्हा म्हणावा असा नाही. कुणाचा पाय मोडला नाही, कुणाचा माल बुडाला नाही. नवा माणूस आहे, हात बसेपर्यंत एवढं व्हायचंच, असं कुठलाही शहाणा माणूस म्हणेल. पण फायलीत शहाणपणाला जागा नव्हती. तिथं तारीख आणि शेरा एवढेच दोन रकाने होते.

आणि मग तो फाटा.

बीडहून सोलापूरकडं जाताना मांजरसुंब्याच्या घाटात कपिलधारचा फाटा लागतो. आत डोंगरात मन्मथस्वामींची समाधी. शंकरप्पा तरुणपणी दुकानाचा माल आणायला सोलापूरला जायचे तेव्हा टेम्पो कुणाचाही असो, फाट्यावर थांबायला लावायचेच. लहानग्या सिद्धारामला खाली उतरवून चप्पल काढायला लावायचे, डोंगराकडं तोंड करून हात जोडायला सांगायचे आणि कपाळाला विभूती लावायचे. "कपिलधारवरनं तसंच फुडं जायचं न्हाई," हे तो पाढ्यांच्याही आधी शिकला होता. म्हणून तो दर खेपेला थांबायचा. चप्पल काढायची, हात जोडायचे, चिमूटभर विभूती आपल्या कपाळाला आणि चिमूटभर स्टिअरिंगला. सगळं मिळून तीन मिनिटं. बाप बोलत नव्हता, पण बापाचं एवढं तरी आपण पाळतोय, असं त्याला तिथं वाटायचं.

गाडीत बसवलेलं यंत्र मात्र ती तीन मिनिटं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर पाठवत होतं. दर खेपेला, त्याच जागी.

पाचवा महिना संपताना मुनीमांनी त्याला बोलावलं. "तितं कशाला थांबतूस?"

"हात जोडायला, काका."

बद्रीनाथांनी फाईल पुढं ओढली. माणूस वाईट नव्हता. "खरं असंल बाबा," ते म्हणाले, "पर कॉम्प्युटरवर हात जोडलेले दिसत न्हाईत. उबी गाडी दिसती." मग त्यांनी फायलीत लिहिलं, एकाच ठिकाणी विनाकारण थांबा, समज दिली. "आता फुडच्या महिन्यात तितं एकदा जरी गाडी थांबली, तर पक्कं व्हायचं इसर."

सिद्धारामनं थांबणं बंद केलं. फाटा आला की एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसरा छातीला लावायचा आणि पुढं जायचा. मग त्यानं स्वतःची समजूत घातली, की पत्र मिळालं की पहिल्या खेपेला नारळ घेऊन उतरू, सगळं एकदम फेडू.

महिन्याचे आठ दिवस राहिले होते. कार्तिकातली सकाळ, कपिलधारच्या यात्रेचे दिवस, फाट्यावर भगवे झेंडे आणि जीपगाड्यांची गर्दी. गाठी भरलेली गाडी घेऊन सिद्धाराम वळणावर आला आणि त्याला रस्त्याच्या कडेला शंकरप्पा दिसले.

पांढरं धोतर, टोपी, कपाळभर विभूती, आणि हातात फडक्यात बांधलेला डबा. ते येणारी प्रत्येक गाडी निरखत होते. पोरगं शुक्रवारी सकाळी इथून जातं आणि इथं थांबतं, हे गंगासागरनं त्यांना सांगितलं असणार. सहा महिने न बोललेला माणूस रस्त्यात येऊन उभा राहिला होता. पोरगं थांबेलच याची त्याला खात्री होती, कारण थांबायला त्यानंच शिकवलं होतं.

सिद्धारामचा पाय ब्रेकवर गेला. तीन मिनिटं. पान. आठ दिवस. मागून एक ट्रेलर हॉर्न वाजवत अंगावर आला. त्यानं गाडी दुसऱ्या गियरमध्ये टाकली, तो डावीकडच्या खिडकीकडं वाकला आणि ओरडला, "बाबा, थांबता येत न्हाई! सांगतो मागनं!" इंजिनाच्या आवाजात ते त्यांना कितपत ऐकू गेलं कोण जाणे. शंकरप्पांनी दोन्ही हातांनी डबा वर धरला आणि ते गाडीबरोबर चार पावलं भराभर चालले. केबिन उंच होती. डबा खिडकीपर्यंत पोचला नाही. आरशात ते थोडा वेळ दिसले, हात अजून वरच होते.

सोलापूरहून त्यानं तीनदा फोन लावला. बापानं उचलला नाही. संध्याकाळी आई फोनवर म्हणाली, "आले घरी. डबा तसाच ओट्यावर ठिवला. बोलले न्हाईत काही."

महिना संपला. सिद्धाराम इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात गेला. टेबलापलीकडं विजयसिंह शेठ फाईल उघडून बसले होते.

"गाडी घासली," शेठनं वाचायला सुरुवात केली. "पोचवर शिक्का न्हाई. डिझेल जास्त. आन ह्या फाट्यावर दर खेपेला तीन मिनिटं." त्यांनी वर बघितलं. "डिझेल कॅनमदी काढायला किती येळ लागतो, मला म्हाईत हाय."

सिद्धारामला कळायलाच वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचे कान तापले. "शेठ, मी हात जोडायला थांबत व्हतो. मुनीमकाकांना इचारा. आन ह्या महिन्यात तर एकदाबी थांबलो न्हाई."

"तेच तर म्हनतो मी," विजयसिंह शांतपणे म्हणाले. "देवासाठी थांबत असतास तर थांबतच ऱ्हायला असतास. समज दिली आन दुसऱ्या दिवसापासनं थांबनं बंद. म्हंजी काहीतरी व्हतंच."

बद्रीनाथ खाली मान घालून कॉम्प्युटरकडं बघत होते. सिद्धारामला सांगावंसं वाटलं, की त्या फाट्यावर माझा बाप डबा घेऊन उभा होता, त्याच्यासाठीसुद्धा मी थांबलो नाही. पण ते तोंडातून निघेना. एवढं करून न थांबता काढलेला महिनाच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढं आला होता, आणि त्या पुराव्यापुढं त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. खोटं तर त्या फायलीत एक अक्षरही नव्हतं. पण त्यातून जो माणूस तयार झाला होता, त्याला सिद्धाराम ओळखत नव्हता.

पत्र मिळालं नाही, कामही सुटलं. पुढच्या आठवड्यात तो काम मागायला दुसऱ्या दोन ठिकाणी जाऊन आला. दोन्हीकडं त्याला बाहेर बसवून आत फोन झाला. दोन्हीकडून कळवतो म्हणाले.

वडवणीला तो बाजाराच्या दिवशी गेला. दुकानात गर्दी होती. योगीराज मागं पोती हलवत होता, शंकरप्पा तराजूवर डाळ जोखत होते. सिद्धाराम पायरीशी उभा राहिला. गिऱ्हाईक गेल्यावर शंकरप्पांनी हात झटकले आणि सहा महिन्यांनी पहिल्यांदा ते त्याच्याशी बोलले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"त्या दिशी कावून थांबला न्हाईस?"

"रेकॉर्ड खराब झालं असतं, बाबा."

शंकरप्पांनी यावर जरा विचार केला. दुकानदार माणूस, वहीवर डाग नको हे त्यांना पटण्यासारखं होतं.

"मग आता चांगलं हाय न्हवं?"

सिद्धारामनं गल्ल्याकडं बघितलं, पत्र ठेवायचं होतं त्या जागेकडं.

"हाय," तो म्हणाला.

"मग झालं तर," शंकरप्पा म्हणाले. त्यांनी टोपी नीट केली आणि आत बघून हाक दिली, "योगीराज, ह्याला च्या सांग. कामावरनं आलाय."