दे इकडे, मी लिहिते

"हा फोन आहे की बालवाडीची पाटी?"

शेठनी दुकानाचा फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि काउंटरपलीकडच्या गिऱ्हाइकांना दाखवला. अर्धा स्क्रीन भरून कीबोर्ड. मोठमोठी अक्षरं. गिऱ्हाइकं हसली. शेठनी दोन-चारदा बोट फिरवून कीबोर्ड पुन्हा बारीक केला. "असा असतो फोन," म्हणाले.

कल्याणला औषधांच्या होलसेल दुकानात मी ऑर्डरींच्या मेसेजना उत्तरं द्यायचे. जन्मापासून माझे हात थरथरतात, जीभ जड आहे. माझं बोलणं कळव्याच्या आमच्या खोलीत कळतं, खोलीबाहेर नाही. बोलून टाइप कर, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. माझं बोलणं फोनलाही कळत नाही.

त्यामुळे जन्मभर एकच ऐकलं. दे इकडे, मी लिहिते. दहावीला लेखनिक मिळाली. मी सांगायचे एक, ती लिहायची तिला पटेल ते. पास झाले. ते मार्क कोणाचे, मला अजून माहीत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर आभार मानायचे.

मग एका रविवारी स्वतःच्या फोनच्या सेटिंगमध्ये शिरले. कीबोर्ड उंच केला. बोट टेकल्यावर फोनने किती थांबायचं, तो वेळ वाढवला. थरथरीत तेच बोट पुन्हा लागलं तर ते धरायचं नाही, हेही त्यात होतं. पहिलं वाक्य आईला पाठवलं. पोह्यात साखर नको घालूस. आई गॅसजवळ उभी राहून रडली. मला राग आला. तोंडाने कितीदा सांगितलं होतं, तरी इतकी वर्षं तिची साखर मी गिळत होते.

दुकानाच्या फोनवरही मी तेच केलं होतं. त्या दिवसानंतर शेठ रोज संध्याकाळी ते मोडायचे, मी रोज सकाळी लावायचे.

एकदा त्यांनी भर दुपारीच मोडलं. ऑर्डर अडली, बारीक कीबोर्डवर माझी बोटं घसरत होती. काउंटरवर शेजारी बसणाऱ्या स्मिताताईंनी सवयीने हात पुढे केला. "दे गं इकडे, मी लिहिते." बाई वाईट नाहीत. तेच जास्त लागतं.

"नाही देणार," मी म्हटलं.

शेठनी त्यांना विचारलं, "काय म्हणतेय ही?"

मी समोर उभी. विचारलं त्यांना.

मी सगळ्यांदेखत सेटिंग उघडली. कीबोर्ड उंच केला. वेळ लागला. लागू दे. मग लिहिलं आणि फोन शेठच्या तोंडासमोर धरला. "मला विचारा. मी इथेच उभी आहे."

त्यांनी वाचलं. गिऱ्हाइकाकडे वळले.

सोमवारपासून फोन स्मिताताईंकडे. मला आत गोदामात खोक्यांना लेबलं चिकटवायला बसवलंय. या हातांना लेबलं! कोणी ब्र काढला नाही. स्मिताताई हळूच म्हणाल्या, कशाला नाद करायचा गं. लेबलं वाकडी लागतात. वाकड्या लेबलांची खोकी शेठ बाजूला काढून ठेवतात, दाखवायला. दुसरीकडे काम मिळेल, अशी आशा मला नाही. मिळालंच तर तिथेही कोणीतरी हात पुढे करणारच.

काल शेठ म्हणाले, राजीनामा लिहून दे. म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला. स्मिताताई कागद घेऊन आल्या. त्या लिहिणार, मी फक्त सही करायची.

कागद मी कोराच परत दिला. राजीनामा मी लिहिणार नाही. माझ्या नावाने कोणाला लिहूही देणार नाही. काढायचं असेल तर शेठनी स्वतःच्या हाताने लिहावं, हिला काढलं, आणि का काढलं ते. तोवर मी रोज येऊन त्या गोदामात बसणार आहे.