शिवणबाईंची सुतारकी

शिवणबाईंचा अख्खा जन्म मशीनच्या खडखडाटात गेला. सरकारी प्रशिक्षण शाळेत त्या मुलींना शिवण शिकवायच्या. टीप वाकडी गेली की पोरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या आणि मग स्वतःच उसवत बसायच्या. सरकारने एका फटक्यात राज्यभरच्या हंगामी शिक्षकांना घरी बसवलं, तेव्हा जो तो कोर्टाची पायरी चढला. बाईही चढल्या. त्यांना एवढंच हवं होतं: आपला वर्ग परत.

कोर्टाने सगळ्या याचिका एकत्र घेतल्या. त्यातली पहिली दुसऱ्या गावच्या एका सुतारकाम शिक्षकाची. बाईंच्या वकिलाच्या कारकुनाने तीच त्याच्या सगळ्या अशिलांसाठी उतरवली होती, फक्त नावं बदलून. त्यामुळे कागदोपत्री बाईही सुतारकाम शिकवू लागल्या.

"अहो वकीलसाहेब, मी आयुष्यात खिळा ठोकलेला नाही!"

"बाई, मुद्दा कायद्याचा आहे. म्हणणं न ऐकता माणसाला काढता येतं का, एवढंच कोर्ट बघणार. तुम्ही काय शिकवता हे कोण विचारतंय?"

"मी सांगतेय ना!"

पालथ्या घड्यावर पाणी. घरी येऊन त्या नवऱ्यावर डाफरल्या, कारण वकिलावर डाफरायची सोय नव्हती.

निकाल लागला. सरकारचा हुकूम बेकायदा, सगळ्यांना याचिकेतल्या पदावर परत घ्या. बाई गळ्यात टेप अडकवून शाळेत हजर झाल्या. मुख्याध्यापकांनी हातात किल्ली ठेवली, ती सुतारशाळेची.

"आणि माझा शिवणवर्ग?"

"बंद आहे. त्याच्या शिक्षिका अजून रुजू झाल्या नाहीत."

"अहो, ती मीच की!"

"मला का ठाऊक नाही? माझी बायको तुमच्याच हाताखाली शिकली. पण निकालात सुतारकाम आहे. मी काय कोर्टाच्या वर जाऊ?"

बाईंनी तिथूनच वकिलाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "वेगळी याचिका करू. तुमच्यासारखे आणखी असतीलच, सगळ्यांच्या एकत्रच लावून टाकू."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, निव्वळ संतापाचं. व्हरांड्यात शिवणाच्या पोरी कापड पोटाशी धरून ताटकळत होत्या. बाईंनी डोळे पुसले, तडक सुतारशाळा उघडली आणि दाराशी थांबलेल्या सुतारवर्गाच्या पोरांना आत घेतलं.

"हातोडी, स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि चला माझ्यामागे."

सगळा वर्ग त्यांनी शिवणवर्गाच्या कुलपापुढे उभा केला.

"बाई, आज काय शिकायचं?" एकाने विचारलं.

"बंद दार बिजागऱ्यांतून कसं उतरवायचं ते."