पांढरीवरचा ट्रॅक्टर

उत्खननावर मातीचे ढीग होतात, तसे किश्शांचेही. माती निदान चाळता तरी येते! आमचं काम चाललं होतं प्रवरेच्या काठी, भाऊसाहेबांच्या शेतातल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर. तीन हजार वर्षांपूर्वी तिथं गाव होतं. भाऊसाहेबांना मात्र टेकाड सपाट करून कांदा लावायचा होता. "सोमवारी ट्रॅक्टर घालनार," असं त्यांनी बजावलं होतं. खाली घरं लागायची तर अजून बाकीच होती.

*

आमची एक विद्यार्थिनी सकाळपासून एकाच खापरावर ब्रश फिरवत होती. खड्ड्याच्या काठावर बसलेल्या गावातल्या आजोबांना राहवेना.

"पोरी, सवताचे दात तरी इतके घासती का गं?"

*

खणायला आम्ही सुतळीनं चौकोन आखले होते. सुप्याला कंपनीत असलेला एक जण मोटारसायकल थांबवून म्हणाला, "साहेब, कोपऱ्याचा प्लॉट आपल्याला ठिवा."

आमचे सर वैतागले. "अहो, इथं तीन हजार वर्षांपूर्वी वस्ती होती!"

"मंग पान्याची सोय असंलच!"

*

शनिवारपासून सरांना जिकडेतिकडे ट्रॅक्टरच ऐकू येऊ लागले. रविवारी जेवताना आवाज आला, तसे ते हातातल्या भाकरीसकट धावत सुटले आणि रस्त्यात हात पसरून उभे राहिले. समोर उसाची ट्रॉली!

ड्रायव्हर म्हणाला, "कारखान्यावर चाललोय, सर. येताय का?"

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. मग आमचंही हसू विरलं.

*

सोमवारी ट्रॅक्टर आलाच. भाऊसाहेब स्वतः चालवत होते.

"चार दिवस द्या," सर अक्षरशः हात जोडून म्हणाले.

"लई दिवस दिले, सर. रोपं वाळाय लागली."

त्याच सकाळी आम्हाला एका घराची चोपलेली जमीन लागली होती. चुलीशेजारी, जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन रांजण. आत तान्ह्या मुलाची हाडं.

भाऊसाहेबांच्या पत्नी, सिंधूताई, चहा घेऊन आल्या होत्या. त्या खड्ड्यात डोकावल्या. "ह्ये काय?"

"तेव्हा लहान मूल गेलं, की घरातच पुरायचे," सरांनी सांगितलं.

ट्रॅक्टर काठावर धडधडत होता. रांजणांवर माती ओघळत होती. सिंधूताईंनी किटली खाली ठेवली. मग मागं वळून नवऱ्यावर दबक्या आवाजात डाफरल्या.

"आवो, इंजिन बंद करा आदी. लेकरू उठंल!"

भाऊसाहेबांनी चावी फिरवली. खाली उतरले, चपला काढून हातात घेतल्या आणि हळूहळू आमच्याकडे आले.