काटाताईचं रिकामं वजन

सकाळी पहिला ट्रक फाटकातून आत यायच्या आधी काटाताई स्वतः काट्यावर जाऊन उभी राहायची.

काटा म्हणजे एक लांबलचक लोखंडी फलाट, जमिनीच्या बरोबरीनं बसवलेला. अख्खा ट्रक त्यावर चढतो आणि केबिनच्या खिडकीवरच्या पाटीत लाल आकडे पेटतात. भरलेला ट्रक आधी तोलायचा, माल उतरवून आला की रिकामा तोलायचा, आणि वजाबाकी करून पावती हातात द्यायची. एकोणीस वर्षं ती हेच करत होती. ड्रायव्हर लोकांनी तिचं नाव कधी विचारलं नाही. काट्यावरची ताई, म्हणून काटाताई.

फलाटाच्या मधोमध ती एकटी उभी राहिली की पाटी जरा वेळ विचारात पडायची. मग दाखवायची : ८०.

“ऐंशी,” ती म्हणायची आणि जाऊन खिडकी उघडायची. दिवस चांगला सुरू झालेला असायचा.

ऑपरेशनच्या आधी हीच पाटी १२० दाखवायची. जठराची पिशवी कापून लहान केली, आणि वर्षभरात एवढं वजन उतरलं की आई तिला मागून बघून म्हणाली, “कोण पाहिजे तुम्हाला?” दोघी हसून हसून खाली बसल्या. घरातला वजनाचा काटा तिनं शेजारणीला देऊन टाकला. “साठ टनांच्या काट्याची मालकीण मी,” ती म्हणाली, “घरात हे खेळणं कशाला?”

पण तिला वजन उतरवायचं होतं ते आरशासाठी नव्हतं. ते एका पायरीसाठी होतं.

तिचे वडील ट्रक चालवायचे. लहानपणी ती त्यांच्या शेजारी बसायची. तिथून रस्ता खालून येऊन पोटात शिरल्यासारखा वाटायचा. पुढे वडील गेले, अंग वाढत गेलं, आणि तिशीत कधीतरी तिच्या लक्षात आलं की ट्रकची पहिली पायरी आता आपल्याच्यानं चढवत नाही. मग खिडकीतून हात वर करून पावती द्यायची आणि हात खाली घ्यायचा. दिवसाला साठ ट्रक. साठ वेळा वर बघायचं.

ऐंशी झाल्यावर एका दुपारी तिनं पावती खिडकीतून दिलीच नाही. केबिनबाहेर आली, दांडी धरली, एक पाय, दुसरा पाय, आणि थेट मामांच्या तोंडासमोर. मामा म्हणजे वडिलांच्या बरोबरीचा ड्रायव्हर, तिला परकरात असल्यापासून ओळखणारा.

“पावती,” ती म्हणाली. धाप लागली नव्हती.

मामांनी पावती घेतली नाही. ते सरकून पलीकडच्या सीटवर गेले. “बस,” म्हणाले. “बापाची लेक आहेस का बघू दे.”

त्यानंतर दुपारच्या सुट्टीत ती आवारातल्या आवारात ट्रक चालवायला शिकू लागली. काट्यापासून गोदामापर्यंत, गोदामापासून फाटकापर्यंत, आणि फाटकाशी ब्रेक. गिअर असा काही ओरडायचा की हमाल कानावर हात ठेवायचे.

“फाटकाबाहेर कधी न्यायचा, मामा?”

“हा ओरडायचा थांबला की. तुझ्या बापानं रस्त्यावर असा आवाज ऐकला असता तर माझं लायसन काढून घेतलं असतं.”

तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. ते दिवस तिला पुढे इतके आठवायचे की वासासकट आठवायचे : तापलेलं रेक्झिन, डिझेल, मामांच्या डब्याचा झाकणबंद वास.

चूक झाली ती ऐंशीमुळे. ट्रकचा काटा दहा-दहा किलोंनी मोजतो. त्याला मधलं दिसत नाही. पंचाहत्तरपासून जवळजवळ पंच्याऐंशीपर्यंत तो सगळ्याला ऐंशीच म्हणतो. काटाताईला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? नव्या ड्रायव्हरला ती स्वतः समजावून सांगायची. पण शहात्तरची ती हळूहळू चौऱ्याऐंशीची झाली त्या दीड वर्षात रोज सकाळी पाटी ऐंशी म्हणाली, आणि रोज सकाळी तिनं विश्वास ठेवला. पँटचं बटण मात्र वेगळं सांगत होतं. “धुऊन आटली,” ती म्हणायची.

एका सकाळी पाटी नेहमीपेक्षा जास्त वेळ विचारात पडली. मग म्हणाली : ९०.

ती उतरली, पुन्हा चढली. ९०. बूट काढून उभी राहिली. लोखंड गार होतं. ९०.

त्या दुपारी ती मामांच्या ट्रककडे गेली नाही. पावत्यांचं काम आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशी गुडघा दुखतोय म्हणाली. शेवटचं बसली होती तेव्हा स्टिअरिंग पोटाला लागलं होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही. काट्यावर उभं राहायचंही तिनं सोडलं.

“लोक म्हणतात आजार हत्तीच्या पायानं येतो, मुंगीच्या पायानं जातो,” आई एकदा कपडे वाळत घालताना म्हणाली. “तुझं सगळं उलटंच. गेलं हत्तीसारखं, आलं मुंगीसारखं.”

“तुला दिसलं होतं?”

“मला काय, डोळे आहेत.”

“मग बोललीस का नाही?”

“तू ट्रकच्या गोष्टी सांगत होतीस,” आई म्हणाली. “मध्ये कुठे तोंड घालू?” मग चिमटा लावता लावता, “दवाखान्यात का जात नाहीस? तारखेची चिठ्ठी दोन वर्षं देव्हाऱ्यातल्यासारखी जपून ठेवलीयस नुसती.”

जायचं कसं? दवाखान्याच्या पॅसेजमध्ये तिचा फोटो लावला होता. एका बाजूला एकशे अठरा किलोंची ती, आणि शेजारी त्याच जुन्या पँटच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून, मान तिरकी करून हसणारी ती. ज्या भिंतीवर आपण जिंकून उभ्या आहोत, तिच्याखालून मान खाली घालून कसं जायचं? त्या हसणाऱ्या बाईचा तिला राग यायचा. आणि तिची आठवण यायची, गावाला गेलेल्या मैत्रिणीसारखी.

असे महिने गेले. मग मामांच्या ट्रकचं वर्ष भरलं.

रोज येणारा ट्रक दर खेपेला रिकामा तोलत नसत; त्याचं रिकामं वजन दरवर्षी एकदा नव्यानं तोलून दारावर रंगानं लिहायचं, तारखेसकट, असा तिथला नियम. मामांच्या दारावर ९६४० होतं. पाटीवर आलं ९८९०.

“तुझा काटा म्हातारा झाला,” मामा खाली उतरून म्हणाले. “गाडी तीच, इंजिन तेच, मीपण तोच.”

“तुम्हीपण तेच नाही,” ती खिडकीतून म्हणाली. “मागचा फाळका बदललात, लाकडी जाऊन लोखंडी आला. एक स्टेपनी जादा ठेवलीत. खाली बोटभर चिखल धरलाय. वर्षभर रस्त्यावर राहिल्यावर वाढणारच.”

“मग आता?”

“आता काय? जुना आकडा तसाच ठेवायचा, खाली नवा लिहायचा. गाडीला कुणी रागावतं का?”

मामांनी रंगाचा डबा उचलला. ब्रश बुडवला. मग दाराकडे तोंड करून, लिहिता लिहिता विचारलं, “दवाखान्याची तारीख कधीची होती तुझी?”

तिनं खिडकीतून मान बाहेर काढली.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुझी आई. फोनवर. अर्धा तास.” त्यांनी नव्वदमधलं शून्य गोल करून पुरं केलं. “पोरी, सीटवर धूळ बसलीय.”

गुरुवारी ती गेली. पॅसेजमध्ये नेमकी फोटोखालचीच जागा रिकामी होती. शेजारी एक तरुण बाई मांडीवर फाईल धरून बसली होती, गळ्यापर्यंत घामेजलेली. बराच वेळ वर बघून ती म्हणाली, “ह्या बाईंना ओळखता तुम्ही?”

“तोंडओळख आहे.”

“माझं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. ह्यांचा फोटो मी मोबाईलमध्ये काढून ठेवलाय. रोज बघते. पुढे काय झालं असेल हो त्यांचं?”

“वाढलं परत.”

“तुम्हाला काय माहीत?”

काटाताई उठली. फोटोच्या शेजारी उभी राहिली आणि मान तिरकी केली.

त्या बाईनं एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. “गालावरची खळी तीच आहे,” ती हळू म्हणाली. आणि मग, रडू येणाऱ्या माणसासारखी, “परत येणारच असेल तर करायचं तरी कशाला?”

“सगळं नाही आलं. आणि सगळ्यांचं इतकं येतं असंही नाही. मी दोन वर्षं इथं फिरकलेच नाही.” ती पुन्हा बसली. “मी ट्रकमध्ये चढले होते.”

“ट्रकमध्ये?”

“ड्रायव्हरच्या सीटवर. तिथून फाटकाच्या पलीकडचा रस्ता दिसतो. परत चढायचंय. म्हणून आलेय.”

आतला काटा लहान होता, आणि त्याला मधलं सगळं दिसत होतं. ९३.४. आहाराचं बघणाऱ्या मॅडम वयानं तिच्याहून लहान. त्यांनी कागदावरचा शहात्तर बघितला, मग तिच्याकडे.

“रागवा,” काटाताई म्हणाली.

“रागवून वजन उतरलं असतं तर मी पोलिसात भरती झाले असते. काही जणांचं थोडंफार परत येतं, ताई, त्याला उपाय आहेत. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये काय असतं तुमच्या?”

“पावत्या.”

“आणि?”

“बिस्किटं.”

“ताटभर जेवण जात नाही, पण एकेक बिस्किट दिवसभर जातं. हो ना? आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या?”

“बंद केल्या.”

“रक्त तपासू. डॉक्टरांना भेटून जा. आणि दर महिन्याला इथं यायचं, ह्याच काट्यावर. इतके दिवस का नाही आलात?”

“तुम्ही फोटो लावलात ना.”

मॅडमचं पेन थांबलं. “काढून टाकू का?” त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज खरोखर उतरला होता.

“नको. राहू दे.” काटाताईनं हात पुढे केला. “पेन द्या. आमच्याकडे जुना आकडा ठेवतात आणि खाली आजचा लिहितात. तारखेसकट.”

बाहेर येऊन तिनं फोटोखाली ९३.४ लिहिलं, आणि आजची तारीख. पॅसेजमधली तरुण बाई उठून उभी राहिली आणि तिनं मोबाईल काढून नवा फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काटाताई मामांच्या ट्रकपाशी आली. दांडी धरली. पहिली पायरी चढली, थांबली, धापा टाकल्या. दुसरी. गुडघ्यानं आवाज केला. मामा वाकून बघत होते, पण त्यांनी हात दिला नाही, हे बरं केलं. सीटवर बसल्यावर स्टिअरिंग पोटाला टेकलं.

मामांनी वाकून सीटखाली हात घातला आणि एक दांडी ओढली. सीट कुरकुरत चार बोटं मागे सरकली.

“एकोणीस वर्षं गाड्या तोलतेस,” ते म्हणाले, “आणि सीट मागे सरकते हे माहीत नाही तुला?”

ती हसली. मग तिनं गाडी सुरू केली. गिअर ओरडला, हमालांनी कानावर हात ठेवले.

“दोन फेऱ्या,” मामा म्हणाले. “फाटकाबाहेरचं अजून नाव काढायचं नाही.”

“नाही काढत.”

ट्रक गोदामाला वळसा घालून फाटकापाशी आला आणि तिनं ब्रेक दाबला. वरून सगळं दिसत होतं : रस्ता, दोन्हीकडची झाडं, लांबवर ते वळण. वळणापलीकडे काय आहे, हे वडील गेल्यापासून तिनं फक्त ड्रायव्हरांच्या तोंडून ऐकलं होतं. तिनं इंजिन बंद केलं नाही. थोडा वेळ तशीच बघत बसली.