पेढ्यांच्या डब्याचं झाकण

डब्याचं झाकण लावताना लेकीचा हात क्षणभर थांबला, तो अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तिला नाट्यशास्त्राच्या पदवीला प्रवेश मिळाला, म्हणून आम्ही दोघी बिल्डिंगमध्ये पेढे वाटत होतो. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कशाला घेतलीस गं अ‍ॅडमिशन?" तिच्याआधी मीच बोलले, "बी.ए.ला, इंग्रजी घेऊन."

थांबलेल्या हाताने झाकण लावून ती हसली. "हो काकू, वाचनाचं वेड आहे ना मला!" काकूंना शंकासुद्धा आली नाही.

आईबापांची लाज मुलांनीच सांभाळायची असते की काय! तिचा अभिनय मी आज पहिल्यांदा पाहिला, तोही माझं खोटं झाकण्यासाठी केलेला.

पुढच्या दाराची बेल वाजवून तिने हळूच विचारलं, "इथेही इंग्रजीच ना, आई?"