रासबेरीतलं तण

मला शिकवलं ते माझ्या आत्याने. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी ती लोकांच्या शेतात निंदायला जायची आणि त्या मजुरीवर मी कृषी पदवीधर झालो. आई-वडील मी लहान असतानाच गेले. आत्या लग्नानंतर वर्षभरातच माहेरी परत आलेली. तिला मी आणि मला ती, एवढंच आमचं घर. पदवीचा निकाल लागला त्या दिवशीही ती निंदायलाच गेली होती. मी बांधावर उभा राहून ओरडून सांगितलं, तेव्हा सगळ्या बायांनी विळे खाली ठेवले. आत्याने मात्र हातातली ओळ पुरी केली आणि मग उठली.

नोकरी लागली सिल्वासाला. सुताच्या कारखान्याच्या एका शेठनी दुधनीच्या रस्त्याला जमीन घेतली होती. महाबळेश्वरला त्यांनी रासबेरी खाल्ली आणि तीच आपल्या शेतात लावायची असं मनात घेतलं. हे झाड इथल्या हवेचं नाही, असं मी भीतभीत सांगितलं. शेठ हसले. "हवा मैं देख लूंगा, ग्रॅज्युएट. तू घास देख."

घास बघणं हेच खरं काम होतं. नव्या रासबेरीची मुळं मातीच्या वरच्या थरात पसरतात. खुरपं जरा खोल गेलं की तणाबरोबर मूळही हातात येतं. त्यात ती जमीन लव्हाळ्याने भरलेली. लव्हाळा उपटला तरी त्याच्या गाठी जमिनीत राहतात आणि आठवड्यात पुन्हा कोंब येतात. म्हणून मी ग्लायफोसेट हे तणनाशक फवारायचं ठरवलं. ते पानातून आत शिरतं आणि हळूहळू गाठीपर्यंत उतरतं. पण रासबेरीचं हिरवं पान आणि लव्हाळ्याचं पान यात ते फरक करत नाही. थेंब उडाला तर रोपही जातं.

यावर आम्ही एक युक्ती काढली. कारखान्यात सूत गुंडाळायच्या जाड पुठ्ठ्याच्या नळ्या भंगारात पडत. फवारणीआधी प्रत्येक रोपावर एक नळी घालायची, वारा नसलेली सकाळ बघून पंपाचं तोंड जमिनीलगत धरायचं आणि काम झालं की नळ्या सावकाश उचलायच्या. औषधाने भिजलेली नळी दुसऱ्या रोपावर घालायची नाही, एवढा एकच नियम मी घालून दिला होता. लांबून ते शेत दिसायचं नळ्यांचं. हिरवं काही नजरेला पडायचंच नाही.

पंप मारायला एकच माणूस होता, दुधनीचा. तोंडाला फडकं बांधलेलं, त्यामुळे बोलणं होत नसे. काम दुपारपर्यंत उरकायचं. तो घरी जायचा आणि मग एवढ्या जमिनीवर मी एकटा. शेतावरच्या खोलीत रेडिओ होता, पण तो गुजरातीच जास्त लागायचा. रविवारी मी सिल्वासाला जाऊन चहाच्या टपरीवर बसायचो. धुळे-नंदुरबारकडची पोरं शिफ्ट सुटल्यावर तिथे यायची. त्यांची अहिराणी कानावर पडावी म्हणून मी एक चहा तासभर पुरवायचो. एकदा न राहवून मी त्यांच्या बोलण्यात तोंड घातलं. ती पोरं "हो साहेब" म्हणाली, बाकावर सरकून मला जास्तीची जागा दिली आणि गप्प बसली. शर्ट खोचलेला माणूस त्यांना आपला वाटला नाही.

आत्याला इथे आणायचं, कायमचं, हे मी तेव्हाच ठरवलं. तिने उरलेल्या आयुष्यात एकही वावर निंदू नये, एवढंच मला हवं होतं.

ती पावसाळ्यात एसटीने आली. पोचल्याबरोबर शेत बघायला निघाली आणि बांधावर थबकली.

"भाऊ, इतलं मोठं वावर, आन् बाया कोठे गयात?"

"बाया नाहीत आत्या. तणाला औषध मारतो."

"गवतले दवाई?" ती हसली. "गवत काय बिमार शे?"

मग पंपवाल्याकडे वळून म्हणाली, "आरे, तोंड बांधीसन चोर मायक काय फिरस?" त्याला अहिराणी किती कळली कोण जाणे, पण फडक्याआडून तो खदखदून हसला. त्याचं हसू मी तोवर ऐकलंच नव्हतं.

पुढल्या आठवड्यात मी चार ओळींवर फवारणी केली आणि शेठबरोबर रोपांवर सावलीसाठी जाळी आणायला नाशिकला गेलो. परत आलो तेव्हा त्या चारही ओळी आरशासारख्या स्वच्छ होत्या आणि बांधावर लव्हाळ्याचे ढीग पडले होते. आत्या खोलीच्या पायरीवर बसलेली, हात मातीने भरलेले, चेहरा खुललेला.

"तुन्ही दवाई कामनी नही, भाऊ. दोन दिन व्हयनात, गवत तसंच हिरवंगार. शेठ तुले बोलतीन. मी काढी टाकं सगळं."

मी आधी तिला नळावर नेलं आणि कोपरापर्यंत हात साबणाने धुवायला लावले. मग तिच्याशेजारी बसून सांगितलं की या औषधाला आठ-दहा दिवस लागतात; तोवर तण हिरवंच दिसतं. पान उपटलं की त्याच्याबरोबर औषधही उपटलं जातं, गाठ जिवंत राहते. ओल्या मातीत काडीने गाठी आणि मुळांचं चित्र काढून दाखवलं. ती अगदी लक्ष देऊन ऐकत होती, मी लहानपणी कविता म्हणून दाखवायचो तेव्हा ऐकायची तशी.

"म्हनजे आठे मन्हं कामच नही," ती म्हणाली.

"तेच तर! म्हणून तर तुला इथे आणलं."

मला वाटत होतं, याहून चांगली बातमी मी तिला दिलेली नाही. ती शेताकडे बघत म्हणाली,

"गावमा दिनभर बाया ऱ्हातीस. आठे एकच मानूस, तेन्हंबी तोंड बांधेल."

दुसऱ्या दिवशी शेठ जाळी लावायची जागा बघायला आले आणि त्या चार ओळींपाशी खूश होऊन उभे राहिले. "आ लाइन तो एकदम क्लीन! दवा बदली क्या?"

आत्याने निंदलं, असं मी सांगितलं.

"तो फोई को रख ले ना काम पे. दो-चार बाई और ले आएगी दुधनी से. रोपाच्या बुडाशी तर हातानेच काढावं लागतं, तूच बोलला होता."

ते खरं होतं. बुडाशी पंप चालत नाही. पण मी ताबडतोब म्हणालो, "नाही शेठ, आत्या काम करणार नाही. ती माझ्याकडे राहायला आलीय." आवाज जरा चढलाच असावा. खोलीचं दार उघडं होतं आणि आत्या आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मध्येच थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी तिने पिशवी भरली. मी खूप विनवलं. स्टँडवर गाडीत चढताना ती म्हणाली, "तू चांगला शे, भाऊ. पन आठे नुसती बसी ऱ्हायनू ते मरी जासू."

त्या चार ओळींत लव्हाळा पुन्हा उगवला. पानं पुरेशी वाढल्यावर मी नळ्या घातल्या, फवारणी केली, आणि या वेळी तो मुळासकट वाळला. सगळं मी सांगितलं होतं तसंच झालं. हे सांगायला जवळ कोणी नव्हतं. त्या रात्री मी तिला पत्र लिहिलं.

ती. आत्या,

हे पत्र तुला शेजारचं कोणीतरी वाचून दाखवेल, म्हणून चार लोकांनी ऐकावं तेवढंच लिहितो.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. इथे पाऊस ओसरलाय. रोपं गुडघ्याच्या वर गेली, फार थोडी मेली. शेठ माझ्यावर खूश आहेत.

त्या दिवशी शेठ तुला कामावर ठेवू म्हणाले ते तू ऐकलंस. मी तुला न विचारताच नाही म्हणालो. विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, हे मला तेव्हाही माहीत होतं. तुला माझ्या देखत कोणाच्या शेतात बसून तण काढताना बघायला अजूनही माझं मन धजत नाही. आणि नुसतं बसायला तू येणार नाहीस. यावर काय करावं ते मला सुचत नाही, म्हणून ये असं लिहीत नाही.

दसऱ्याला चार दिवस रजा मिळेल. मी येतो. तू घरी नसशीलच. कोणाच्या वावरात जाणार आहेस ते शेजारी सांगून ठेव, मी थेट तिकडेच येईन.

कोणाकडून तरी दोन ओळी लिहवून पाठव. पत्ता कारखान्याचा घाल. शेतावर टपाल येत नाही.

तुझा,
भाऊ